खोक्यावरचे नाव

पवनी तालुक्यातल्या एका लहान शाखेत व्यवस्थापक म्हणून मी रुजू झालो तेव्हा रोवणीचे दिवस होते. बांध्यांमध्ये गुडघाभर पाणी, बायकांच्या हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या, आणि बँकेत चिटपाखरू नाही. अशाच एका दुपारी आमच्या घरमालकाच्या सालगड्याला धुऱ्यावर नाग चावला. शिपायाच्या मोटारसायकलवर त्याला मध्ये धरून बसवले आणि चिखल तुडवत आम्ही सरकारी दवाखाना गाठला. कंपाउंडरने कपाटातून पुठ्ठ्याचे एक खोके काढले, डॉक्टरांनी सुई भरली. मी बाहेरच्या बाकावर ते रिकामे खोके हातात घेऊन बसून राहिलो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते म्हणून त्यावरचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होतो. पत्ता मुंबईतल्या परळचा होता आणि नाव होते हाफकिन.

सालगडी वाचला. पुढची कितीतरी वर्षे हाफकिन म्हणजे एखादी विलायती कंपनी असेल, अशीच माझी समजूत होती. ते एका माणसाचे नाव आहे, हा माणूस आपल्याकडे येऊन बावीस वर्षे खपला, आणि त्याच्या आयुष्याची आणि माझ्या नोकरीतल्या एका कडू प्रसंगाची कुठेतरी गाठ पडते, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

पण त्याआधी आजीची गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आजी भंडाऱ्याच्या बाजूची. तिच्या लहानपणी गावात गाठीचा रोग आला होता. आधी घरात उंदीर पडायचे. भिंतीच्या कडेला, धानाच्या ढोलीमागे, कुठेही उंदीर मरून पडलेला दिसला की घरातली मोठी माणसे गप्प व्हायची. मग काखेत नाहीतर जांघेत गाठ, सणकून ताप, आणि तीन-चार दिवसांत माणूस खलास. गावाला अनुभवाने एवढेच उमगले होते की घर सोडायचे. सगळे गाव शेतात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून महिनोन्महिने राहायचे. दिवेलागणीला गावाकडे पाहिले तर एकही दिवा दिसायचा नाही, हे सांगताना आजी म्हातारपणीही पदर घट्ट ओढून घ्यायची. टोचायला येणाऱ्या सरकारी माणसाची तर तिच्या मनात प्लेगइतकीच धास्ती होती. सुई टोचली की माणूस मरतो, असे तेव्हा गावात बोलले जायचे. ती सुई कुणी शोधली, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती माझ्या खोक्यावरच्या माणसाची होती.

वाल्देमार हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्याला मेचनिकॉफसारखा गुरू लाभला. शरीरातल्या पेशी रोगजंतूंना गिळतात, हे दाखवून पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारा तोच मेचनिकॉफ. पण ते दिवस ज्यूंसाठी वाईट होते. १८८१ मध्ये ओदेशात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपली वस्ती राखायला उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होता. त्याला अटक झाली. गुरूने रदबदली केली म्हणून सुटला. पुढे विद्यापीठात चांगली जागा मिळायची, तर एक अट होती. धर्म बदलायचा. त्याने नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात सहायकाची किरकोळ नोकरी पत्करली.

१८८८ मध्ये तो देश सोडून जिनिव्हाला गेला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला, लुई पाश्चरच्या संस्थेत. तिथे मेचनिकॉफ आधीच पोचला होता. प्रयोगशाळेत जागा नव्हती. होती ती ग्रंथालयात. तेव्हा हा प्राणिशास्त्रज्ञ दिवसा पुस्तके मांडायचा आणि उरल्या वेळात जंतूंच्या मागे लागायचा. करमणूक म्हणून व्हायोलिन वाजवायचा. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू त्याने लशीच्या कामी लावले. ती लस माणसाला सोसते की नाही हे कळणार कसे? १८ जुलै १८९२ रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. माणूस धडधाकट राहिला.

लस तयार होती, पण ती पारखायची तर पटकी जिथे घर करून बसली आहे तिथेच जायला हवे. पॅरिसमध्ये तेव्हा लॉर्ड डफरिन हे ब्रिटिश राजदूत होते आणि त्याआधी ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या सूचनेवरून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला. उत्तरेतल्या छावण्या, कलकत्त्याच्या बस्त्या, आसामातले चहाचे मळे, असा तो गावोगाव फिरला. चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्याच्या मोहिमेत लस टोचली गेली. हिवतापाने तो इतका खिळखिळा झाला की १८९५ मध्ये त्याला युरोपात परतावे लागले. पण दुसऱ्याच वर्षी पुन्हा हजर.

मी बँकेचा माणूस. मला त्याच्या कामात सर्वांत भावली ती त्याची हिशेबाची पद्धत. नुसती लस टोचून तो पुढे जात नसे. एकाच घरात, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांत कुणी टोचून घेतले आणि कुणी नाही, याची तो नोंद ठेवायचा. पुढे त्या घरात रोग शिरला, तर दोन्ही बाजूंचे किती आजारी पडले, किती गेले, हे पुन्हा जाऊन मोजायचा. जमेची आणि खर्चाची बाजू समोरासमोर मांडल्याशिवाय शिल्लक कळत नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याने माणसांच्या प्राणांचा ताळेबंद असा मांडला होता.

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या गल्ल्यांत, माणसे विचित्र तापाने मरू लागली. तिथे दवाखाना चालवणारे गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी रोग्यांच्या गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे, असे निदान केले. ते मुंबई महापालिकेचे सदस्यही होते, त्यामुळे ही वार्ता त्यांनी थेट पालिकेत मांडली. आधी पुष्कळांनी ती मानली नाही. बंदरावर जगणाऱ्या शहराला प्लेगचे नाव परवडणारे नव्हते. पण मृत्यूंचे आकडे वाढत गेले आणि शहर पळू लागले. काही महिन्यांत सुमारे निम्मी मुंबई रिकामी झाली. लोक गाड्यांत चढून गावाकडे गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. रुळांच्या वाटेने तो पुढे पसरत गेला. आजीच्या गावापर्यंत तो कसा आला असेल, हे भंडारा रोड स्टेशनवर उभे राहून त्या लोहमार्गाकडे पाहिले की लक्षात येते.

सरकारने तेव्हा जे केले ते आपल्या इतिहासाला ठाऊक आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. झडतीची पथके घराघरांत शिरू लागली. रोगी उचलून रुग्णालयात, घरची माणसे छावणीत, सामान रस्त्यावर. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगवली जात. आज जिथे कस्तुरबा रुग्णालय आहे, त्या आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. तिथे डॉ. नसरवानजी चोक्सी रोग्यांची सेवा करीत होते. पण रुग्णालयात गेलेला परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. लोक अगदी शेवटच्या घटकेला रोगी आणत, तो दगावे, आणि भीती आणखी वाढे. अखेर वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली, आपल्या माणसांच्या हाती आपला रोगी आहे हे दिसले, तेव्हा कुठे विरोध जरा निवळला. पुण्यात मात्र रँडच्या कारभाराने लोकांचा संताप शिगेला पोचला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना चिरंजीव डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेऊन पोचवत होत्या. त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. बंदूक, कायदा आणि सेवा, तिन्ही एकाच वर्षातल्या गोष्टी.

या धुमाळीत हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली आणि एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. तो वाढवायचा, मारायचा आणि मेलेल्या जंतूपासून लस करायची, हे काम या माणसाने तीन महिन्यांत पुरे केले.

ते कसे केले, हे वाचताना मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. चपट्या बुडाच्या बाटल्यांत तो मांसाचा रस्सा घ्यायचा. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बोकडाचे मांस वापरायचा, कारण इथल्या लोकांच्या धर्मभावना त्याने ओळखल्या होत्या. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली उतरत. बाटलीला जरा धक्का लागला की ते तुटून तळाशी जात आणि वर नवे सुळके धरू लागत. असे पाच-सहा आठवडे. मग ठरावीक उष्णता देऊन सगळे जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. तूप आपल्याकडे औषध मानले जाते. प्लेगच्या लशीतही ते असेच कामी आले होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना द्यायची त्याच्या तिप्पटीहून जास्त मात्रा घेतली. सणकून ताप भरला, टोचलेली जागा ठणकली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे आपण होऊन पुढे आले त्यांना लस दिली. ते साधारण निम्मे होते. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले आणि सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, दगावला एकही नाही. हिशेबाची वही पुन्हा बोलली.

तरी लोक बिचकतच होते. तेव्हा तरुण आगाखानांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली. हा वाडा गव्हर्नरांनी का सोडला होता? १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या होत्या. ज्या घरातून पटकीने गव्हर्नरांना बाहेर काढले, त्या घरात पटकीची लस काढणारा माणूस राहायला आला.

आता त्या बाटलीकडे वळतो.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुलकोवाल गाव. पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि परळहून लशीच्या बाटल्या भराभर रवाना होत होत्या. मागणी पुरी करण्यासाठी लस बनवण्याची रीत थोडी बदलली होती आणि कार्बोलिक घालणे बंद करून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. त्या दिवशी मुलकोवालात पाच बाटल्या उघडून १०७ जणांना लस टोचली. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाने ठपका ठेवला परळवर. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असे मत दिले. हाफकिनला पदावरून दूर केले आणि १९०४ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. चौकशीच्या कागदांत दुसरीही एक गोष्ट होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर नीट धरून निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याने तोच वापरला होता. जमिनीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. शिवाय विष जर आठवड्यांपूर्वीच बाटलीत वाढत असते, तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला आला नव्हता. हे सगळे कागदांवर होते आणि ते कागद १९०६ च्या अखेरीपर्यंत लोकांसमोर आलेच नाहीत.

इथे माझी गोष्ट आडवी येते, म्हणून थोडक्यात सांगतो. एका शाखेत मी प्रमुख असताना पाठवलेल्या रोकडीत मोठी रक्कम कमी भरली. बंडलांवर सही माझी होती. मी निलंबित झालो. अर्ध्या पगारावर आणि पूर्ण बेअब्रूवर चौदा महिने काढले. जे रोज चहाला यायचे ते रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. बायकोने त्या काळात एकदाही मला विचारले नाही, हे तिचे उपकार आणि तिने विचारले असते तर बरे झाले असते, हे माझे दुःख. शेवटी चूक मोजणीच्या दुसऱ्या टोकाला निघाली. दोन ओळींचे पत्र आले. मला पुन्हा कामावर घेतले, पण त्या शाखेत नाही आणि त्या खुर्चीवरही नाही.

त्यामुळे हाफकिनची पुढची पाच वर्षे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवत होतो. त्याच्या वतीने लिव्हरपूलचे रोनाल्ड रॉस उभे राहिले. हिवताप डासांमुळे होतो हे हिंदुस्थानातच सिद्ध करून नोबेल मिळवणारे हेच ते. त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये आले आणि दोष परळचा असल्याचे सिद्ध होत नाही, असे त्यांनी जगासमोर मांडले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हाफकिन निर्दोष ठरला. सरकारने त्याला परत बोलावले, पण परळला नव्हे. तिथली खुर्ची दुसऱ्याची झाली होती. त्याला कलकत्त्याची एक प्रयोगशाळा मिळाली आणि तिथे लशीचे नवे प्रयोग माणसांवर करण्याची मुभा मिळाली नाही. १९१५ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होऊन युरोपात गेला. पुढच्या वर्षांत तो आपल्या धर्माच्या अधिक जवळ गेला आणि मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मपाठशाळांच्या नावे करून २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्ये एकटाच वारला. लग्न त्याने केलेच नव्हते.

दरम्यान तो नसतानाही त्याची परळची इमारत काम करतच होती. १९०५ पासून तिथे बसलेल्या प्लेग आयोगाने उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसाकडे येतो, हे प्रयोगांनी पक्के केले. कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते १८९८ मध्येच दाखवले होते, पण कुणी मानले नव्हते. आजीच्या गावाला उंदीर पडले की घर सोडायचे, एवढे आपल्या अनुभवाने कळले होते. परळने त्याचे कारण सांगितले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीचे अडीच कोटींहून अधिक डोस बाहेर गेले. आणि १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिनचे नाव दिले गेले. तो तेव्हा हयात होता. टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले ते १९६४ मध्ये.

हा लेख मी इथेच संपवणार होतो. निर्दोष माणसाला न्याय मिळाला, संस्थेला नाव मिळाले, शेवट गोड. पण कच्चा मजकूर वाचताना माझ्या ध्यानात आले की मुलकोवालच्या एकोणीस माणसांना मी एका वाक्यात उरकले आहे. हाफकिनच्या अन्यायात मी माझा अन्याय शोधत होतो, आणि त्या घाईत मेलेली माणसे माझ्याही नजरेतून सुटली. त्यांची नावे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती. बाटलीचा क्रमांक मात्र सगळीकडे आहे. प्लेगपासून वाचावे म्हणून ती माणसे आपण होऊन हात पुढे करायला आली होती. त्यांच्या मृत्यूची चौकशी व्हायलाच हवी होती. दुखते ते चौकशीने नव्हे. एक माणूस ठपक्यासाठी सापडला की उरलेले कागद बांधून ठेवायचे, याने दुखते. तसे केल्याने हाफकिनलाही न्याय मिळाला नाही आणि त्या एकोणीस जणांनाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी करोनाची लस घ्यायला रांगेत उभा होतो. माझ्या पुढे खेड्यातून आलेली एक म्हातारी होती. सुई टोचली की माणूस मरतो, असे तिच्या गावात कुणीतरी सांगितले होते. ती दोनदा रांग सोडून निघाली आणि दोनदा परत आली. आत गेली तेव्हा तिने पदर तसाच घट्ट ओढून घेतला होता. मी तिला हाफकिनचे नाव सांगितले नाही. ते तिच्या काय कामाचे? बाहेर येऊन ती शेजारच्या खुर्चीवर बसली, अर्धा तास काही होते का ते पाहत. मीही तिच्यासोबत बसून राहिलो. काही झाले नाही. मग तिने पिशवीतून भाकर काढली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.